मिग मशीन सगळ्यात शेवटी निवडा : आधी काम, मग तार, वीज, गॅस, टॉर्च

सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या शेडवर महिन्यातून दोन-तीन जण तरी नव्या मिग मशीनची तक्रार घेऊन येतात. मिग म्हणजे रिळावरची तार टॉर्चमधून सतत पुढे ढकलत, सहसा गॅसच्या आडोशाने वेल्ड मारणारं मशीन; टॉर्च म्हणजे केबलसकट हातात धरायची त्याची बंदूक. कुणाची तार सारखी अडकते. कुणाचं मशीन दहा मिनिटांत तापतं आणि पिवळा दिवा लावून थांबतं. कुणाचा वेल्ड वरून सुरेख दिसतो आणि हातोड्याच्या दोन घावांत सुटतो. मशीन उघडून पाहिलं तर बहुतेक वेळा ते ठणठणीत असतं. चूक झालेली असते ती खरेदीच्या क्रमात. दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न असतो, "अडीचशे अँपिअरची मिग केवढ्याला?" मग टॉर्च सोबत येईल तो, तार दुकानदार देईल ती, आणि वीज काय, शेडमध्ये आहेच.

हा क्रम उलटा करायचा आहे. खाली दिलेले टप्पे त्याच क्रमाने करा, मधला एकही गाळू नका. हे सगळं लोखंडाच्या, म्हणजे माइल्ड स्टीलच्या कामासाठी आहे. रॉडवर, म्हणजे हातात धरायच्या वेल्डिंगच्या कांडीवर, हात बसलेला आहे आणि आता मिगकडे वळायचंय, अशा माणसाला समोर ठेवून लिहिलंय.

टप्पा १ : वहीत काम लिहा

दुकानात जाण्याआधी मागच्या तीन महिन्यांची कामं वहीत उतरवा. प्रत्येक कामापुढे चार गोष्टी हव्यात: सगळ्यात पातळ माल किती मिमी, सगळ्यात जाड किती, काम शेडमध्ये झालं की साइटवर, आणि एका दमात किती लांब वेल्ड मारावा लागला.

गेज आणि मिमी यांत घोळ नको. १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिमी, १६ गेज म्हणजे १.६, १४ गेज म्हणजे २. दुकानदाराच्या बोलण्यावर जाऊ नका, पाइप कापा आणि व्हर्नियर लावा. सोळा म्हणून आणलेला चौकोनी पाइप प्रत्यक्षात त्याहून पातळ निघतो, हा अनुभव बहुतेकांना आहे.

वही भरली की तुम्ही तीनपैकी एका गटात बसाल. पहिला गट ग्रिल, गेट, रेलिंग आणि फर्निचरचा, त्यात जवळपास सगळं १.२ ते २ मिमी. दुसरा शेडवाल्यांचा. त्यांच्याकडे कैचीला, म्हणजे छताच्या त्रिकोणी सांगाड्याला, ५ ते ६ मिमीचे अँगल, खाली १० मिमीची बेस प्लेट, आणि निम्मं काम उंचावर, वाऱ्यात. तिसरा गट उसाच्या ट्रॉल्या आणि शेती अवजारांचा. १०० बाय ५० चा चॅनल घेतला तर त्याचा मधला भाग ५ मिमीच्या आसपास आणि फ्लँज साडेसात मिमी, तळाचा पत्रा ३ किंवा ४, आणि लांबच लांब सांधे.

वर्षातून एकदा येणाऱ्या १२ मिमीच्या प्लेटसाठी मशीन निवडू नका. ती रॉडने करा. ज्या जाडीवर तुमची दहातली आठ कामं होतात, तीच जाडी पुढच्या सगळ्या हिशेबाचा पाया आहे.

सावधान : साइटवर, कैचीवर चढून करायचं काम जास्त असेल तर रॉडचं मशीन विकू नका. ताशी ७-८ किलोमीटरचा वारासुद्धा मिगचा गॅस उडवून लावतो. वेल्डमध्ये जाळीसारखी भोकं पडतात, आणि ती कधी कधी आतच राहतात, वरून दिसतही नाहीत.

टप्पा २ : जाडीवरून अँपिअर, अँपिअरवरून तार

ढोबळ हिशेब असा, की लोखंडाच्या दर मिलिमीटर जाडीला सुमारे ४० अँपिअर. हा ५ मिमीपर्यंत चालतो. त्यापुढे एकाच फेरीत भरण्याचा हट्ट सोडून कड तासायची आणि दोन-तीन फेऱ्या मारायच्या.

१.२ ते २ मिमी : ०.८ मिमीची तार, ५० ते ९० अँपिअर, १६ ते १८ व्होल्ट.
३ मिमी : ०.८ ची तार, १२० अँपिअरच्या आसपास, १९ ते २० व्होल्ट.
५ ते ६ मिमी : १.० किंवा १.२ ची तार, १८० ते २२० अँपिअर, २३ ते २६ व्होल्ट.
त्यापुढे : १.२ ची तार, तेवढेच किंवा थोडे जास्त अँपिअर, एकापेक्षा जास्त फेऱ्या.

हे आकडे सुरुवातीसाठी आहेत. हात, सांध्यातली फट आणि वेल्डची दिशा यांनुसार ते हलतात.

तार घेताना रिळावर ईआर ७० एस-६ लिहिलंय का ते पाहा. ७० हा ताकदीचा आकडा आहे, एस म्हणजे भरीव तार, आणि शेवटचा ६ तिच्या रसायनाचा. या तारेत मँगनीज आणि सिलिकॉन जास्त असतं, त्यामुळे मालावर थोडे काळे पापुद्रे किंवा गंज असला तरी ती निभावून नेते. निभावून नेते म्हणजे ग्राइंडर मारायचाच नाही असं नव्हे. रॉडच्या वरच्या फ्लक्सने (लेपातल्या मसाल्याने) जी घाण ओढून नेली असती, ती इथे वेल्डमध्येच राहते. रॉडवरून आलेल्या माणसाची ही सगळ्यात पहिली चूक.

रिळाचं मापही आत्ताच ठरवा. ५ किलोचं रीळ २०० मिमी व्यासाचं, १५ किलोचं ३०० मिमीचं. छोट्या मशीनच्या पोटात १५ किलोचं रीळ बसत नाही, आणि सुटं ५ किलोचं किलोमागे महाग पडतं. ०.८ च्या तारेचं वजन मीटरला ४ ग्रॅम असतं, म्हणजे १५ किलोच्या रिळात जवळपास ३,८०० मीटर तार.

बिनगॅसच्या तारेबद्दल लोक फार विचारतात. साइटवर तिचा उपयोग आहे, पण ती फ्लक्स भरलेली असते, धूर जास्त करते, आणि तिची पोलॅरिटी उलटी लागते. भरीव तार आणि गॅस असेल तर टॉर्च पॉझिटिव्हला, बिनगॅस तार असेल तर टॉर्च निगेटिव्हला. पोलॅरिटी बदलता येत नाही अशा मशीनवर ती तार घालून वेल्ड खराब येतो म्हणून तारेला दोष देणारे बरेच भेटतात.

टप्पा ३ : आर्क किती वेळ चालतो ते घड्याळ लावून मोजा

ड्यूटी सायकल हा शब्द सगळ्यांना माहीत असतो, पण त्याचा हिशेब कुणी करत नाही. एवढा एक टप्पा नीट केला तरी अर्ध्या तक्रारी संपतील.

ड्यूटी सायकल, म्हणजे मशीन तापून बंद न पडता आर्क (वेल्डची ज्योत) किती वेळ चालेल ते, दहा मिनिटांवर मोजतात. २०० अँपिअर, ३५ टक्के असं लिहिलं असेल तर २०० अँपिअरवर दहातली साडेतीन मिनिटं आर्क चालेल आणि साडेसहा मिनिटं मशीन गार व्हायला लागतील. कमी अँपिअरवर ते जास्त वेळ चालतं. उष्णता अँपिअरच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून हिशेबात वर्गमूळ येतं. हेच मशीन ६० टक्क्यांवर सुमारे १५० अँपिअर देईल आणि न थांबता चालवायचं तर फक्त ११८. याउलट २५० अँपिअर, ६० टक्के असलेलं मशीन न थांबता १९४ अँपिअर देतं. पुठ्ठ्यावर २०० आणि २५० यांत फार अंतर वाटत नाही. दिवसभराच्या कामात मात्र ११८ कुठे आणि १९४ कुठे.

आता तुमची गरज मोजा. कारागीर नेहमीसारखं काम करत असताना मोबाइलवर स्टॉपवॉच लावा आणि दहा मिनिटांत आर्क प्रत्यक्षात किती वेळ पेटला ते जोडत जा. सकाळी एकदा, दुपारी एकदा. ग्रिलच्या कामात दोन-अडीच मिनिटांच्या वर सहसा जात नाही, कारण माल फिरवणं, गुण्या लावणं, टाके मारणं यातच वेळ जातो. ट्रॉलीच्या तळाचा लांब सांधा चालू असेल तर सहा मिनिटंही भरतात.

आणि सोलापूरचं ऊन विसरू नका. मान्य पद्धतीत ड्यूटी सायकल ४० अंश सेल्सिअसला मोजतात. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच पारा ४३-४४ ला जातो, मग तापलेल्या पत्र्याखाली काय होत असेल! स्वस्त मशीनच्या पत्रकात चाचणीचं तापमान २५ अंश लिहिलेलं असेल किंवा लिहिलेलंच नसेल, तर तिथला आकडा एप्रिल-मेमध्ये धरू नका. मी स्वतः गरजेपेक्षा पाऊणपट जास्त अँपिअरचं मशीन बघतो. १२० वर काम असेल तर २०० चं.

तपासा : वहीत आता जाडी, अँपिअर, तार आणि दहा मिनिटांतला आर्कचा वेळ लिहिलेला आहे ना? नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा ४ : वीज बघा, आणि मीटरपासून मशीनपर्यंत बघा

महावितरणच्या बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो. तो पाहा, सिंगल फेज की थ्री फेज ते पाहा, आणि खालचा हिशेब लावा.

सिंगल फेजवर २०० अँपिअर देणारं इन्व्हर्टर (इलेक्ट्रॉनिक बोर्डावर चालणारं) मशीन पूर्ण जोरावर २३० व्होल्टमधून ३० ते ३७ अँपिअर ओढतं. १२० अँपिअरवर चालवलं तरी १८ च्या आसपास. घरगुती १६ अँपिअरच्या सॉकेटात हे बसत नाही. पिन तापून काळी पडते आणि दोष मशीनवर येतो. याउलट थ्री फेजचं २५० चं मशीन पूर्ण जोरावर प्रत्येक फेजमधून साधारण १३ अँपिअर घेतं. म्हणून १५० अँपिअरच्या वर नेहमीचं काम असेल तर माझं मत स्पष्ट आहे: मशीनवर खर्च करण्याआधी थ्री फेज जोडणी घ्या.

आता केबल. मीटरपासून शेडच्या टोकापर्यंत ३० मीटर अंतर असेल आणि २.५ स्क्वेअर मिमीची तांब्याची केबल ओढली असेल, तर ३३ अँपिअरवर जवळपास १५ व्होल्ट त्या केबलमध्येच जातात. ६ स्क्वेअर मिमीची केबल टाकली की हाच तोटा ६ व्होल्टवर येतो. संध्याकाळी आजूबाजूचे लूम (यंत्रमाग) जोरात चालू असताना लाईनवर आधीच २१० आलेले असतील, तर जाड केबल आणि बारीक केबल यांतला फरक थेट वेल्डमध्ये दिसतो. आर्क तडतडतो, तार पुढे पळते आणि वितळण्याआधी मालावर ठोकरते. फीडर (तार पुढे ढकलणारा भाग) बिघडला असं वाटतं, प्रत्यक्षात व्होल्टेज कमी पडलेलं असतं.

मोजायची रीत अशी. जिथे मशीन ठेवणार तिथल्या सॉकेटवर मल्टिमीटर लावा. रिकाम्या लाईनवर व्होल्टेज लिहा, मग तुमचं सध्याचं रॉडचं मशीन त्याच सॉकेटवर चालवून आर्क चालू असताना पुन्हा लिहा. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी सात वाजता, असं तीनदा. आर्क चालू असताना आकडा २०० च्या खाली जात असेल तर आधी केबल आणि जोड दुरुस्त करा.

जनरेटरवर काम करायचं असेल तर सिंगल फेजच्या २०० च्या मशीनला साडेबारा केव्हीएच्या खाली जाऊ नका.

सावधान : अर्थिंग नीट आहे का ते वायरमनकडून मोजून घ्या. वेल्डिंगची अर्थ केबल आणि मशीनच्या बॉडीचं अर्थिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक आहे म्हणून दुसरं सोडून देणं जिवावर बेततं.

टप्पा ५ : गॅस

निव्वळ सीओटू (कार्बन डायऑक्साइड) स्वस्त पडतो, खोल शिरतो, जाड मालाला चांगला, पण छर्रे, म्हणजे वितळल्या लोखंडाचे थेंब, जास्त उडवतो. आर्गॉन ८० आणि सीओटू २० असा मिक्स गॅस महाग आहे, पण पातळ पाइपवर आर्क मऊ राहतो आणि माल स्वच्छ निघतो. ग्रिलवर नंतर पावडर कोटिंग होणार असेल तर छर्रे खरवडण्याची मजुरी मोजा. बरेचदा मिक्स परवडतो. ट्रॉलीला सीओटू पुरे.

३० किलोच्या भरलेल्या सीओटू सिलिंडरमध्ये मिनिटाला १२ लिटरने सुमारे बावीस तासांचा आर्क निघतो. फ्लो लावायचा ढोबळ नियम म्हणजे तारेच्या मापाची दहापट: ०.८ ला ८ ते १० लिटर, १.२ ला १२ ते १५. भोकं पडली की फ्लो २५ वर नेतात, तो उपाय नव्हे. जोरात सुटलेला गॅस घुसळतो आणि बाहेरची हवा आत ओढतो.

सीओटू सिलिंडरमध्ये द्रवरूप असतो. बाहेर पडताना रेग्युलेटर गारठतो, कधी बर्फ धरतो, आणि गॅस तुटक येऊ लागतो. म्हणून हीटरचा रेग्युलेटर लागतो. हीटरचा सॉकेट मशीनच्या मागे असतो, बहुतेक ३६ व्होल्टचा. मशीन घेताना तो सॉकेट आहे का आणि तुमच्या हीटरचं व्होल्टेज तेच आहे का, हे पाहून घ्या. ३६ चा हीटर भिंतीतल्या २३० मध्ये घातला की तो क्षणात जातो. मिक्सला हीटर लागत नाही.

आणखी एक. आत द्रव शिल्लक असेपर्यंत सीओटूचा दाबाचा गेज जवळपास एकाच जागी उभा राहतो, त्यामुळे गेज बघून किती उरला हे कळत नाही. सिलिंडरचं वजन करा. रिकाम्याचं वजन मानेवर कोरलेलं असतं. ३१ अंशांच्या वर सीओटू द्रव राहतच नाही आणि आतला दाब झपाट्याने वाढतो, म्हणून उन्हाळ्यात सिलिंडर सावलीत, उभा आणि साखळीने बांधलेला हवा.

टप्पा ६ : टॉर्च

आता मुख्य गोष्ट. टॉर्चला लोक मशीनसोबत फुकट येणारी वस्तू समजतात. पण तार, करंट आणि गॅस या तिन्ही गोष्टी त्याच एका नळीतून जातात, आणि अडकायचं तिथेच अडकतं. आतली तारेची नळी म्हणजे लायनर, तारेला करंट देणारं पुढचं टोक म्हणजे टिप, तिच्याभोवतीची गॅसची टोपी म्हणजे नोझल, आणि गॅस पसरवणारा तो डिफ्यूझर. तक्रारीचं मशीन शेडवर आलं की मी आधी टॉर्च उघडतो.

बाजारात दोन घराणी मिळतात: बिन्झेल पद्धतीचे टॉर्च, ज्यांना १५, २४, २५, ३६ असे आकडे असतात, आणि पॅनासॉनिक पद्धतीचे २००, ३५०, ५०० चे. दोन्ही चांगले आहेत, पण त्यांचे कनेक्टर आणि टिपा एकमेकांत बसत नाहीत. कुठलं घराणं घ्यायचं हे एका गोष्टीवर ठरवा: पुढच्या आठवड्यात टिप, नोझल आणि लायनर सोलापुरात कोणत्याचं मिळेल? दोन दुकानांत फोन करून विचारा. पुण्याहून पार्सल मागवायची वेळ येणारा टॉर्च कितीही चांगला असला तरी आपल्या कामाचा नाही.

टॉर्चलाही ड्यूटी सायकल असते, आणि ती गॅसनुसार बदलते. सीओटूमध्ये टॉर्च गार राहतो, मिक्समध्ये जास्त तापतो. १५ टाइपला ६० टक्क्यांवर सीओटूत १८० आणि मिक्समध्ये १५० अँपिअर धरतात. २४ टाइपला २५० आणि २२०. ३६ टाइपला ३०० आणि २७०. माझ्या पहिल्याच हंगामात मी १५ टाइपच्या टॉर्चमध्ये १.२ ची तार घालून ट्रॉलीचे चॅनल जोडायला बसलो होतो. तिसऱ्या दिवशी मानेचं इन्सुलेशन वितळलं आणि नोझल मानेला चिकटून बसला. १५ टाइप ०.६ ते १.० च्या तारेसाठी आहे. १.२ साठी २४ पासून पुढे जा.

उलट चूकही होते. दिवसभर ८० अँपिअरवर ग्रिल करणारा माणूस ३६ चा जड टॉर्च घेतो, आणि दुपारपर्यंत मनगट भरून येतं. वहीतला अँपिअर घ्या, त्यावर पंधरा-वीस टक्के मोकळीक ठेवा, आणि त्यात बसणारा सगळ्यात हलका टॉर्च निवडा.

लांबी ३ मीटरच ठेवा. ०.८ ची बारीक तार ५ मीटरच्या टॉर्चमधून ढकलणं म्हणजे भिजली सुतळी नळीतून ढकलण्यासारखं. ट्रॉलीभोवती फिरायचं असेल तर लांब टॉर्च नको, सुटा फीडर असलेलं मशीन घ्या. फीडर कामाजवळ न्यायचा आणि मधली केबल १० मीटरची ठेवायची.

टॉर्च विकत घेताना हे बघा:

कनेक्टर सुटा हवा. टॉर्च मशीनमध्येच कायमचा बसवलेला असेल तर ते मशीन नको. टॉर्च झिजणारी वस्तू आहे, तो बदलता यायलाच हवा.

केबलचं टोक उघडून दाखवायला सांगा. आतल्या तारेवर ब्लेड ओढा. वरून तांबूस आणि आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार आहे. ती तापते. परत करा.

टॉर्च सरळ ताणून धरा, लायनरमध्ये हाताने तार ढकला. पुढून ती सहज बाहेर यायला हवी.

लायनरचा रंग तारेशी जुळतो का ते पाहा. निळा बारीक तारेचा, ०.९ पर्यंत. लाल १.० आणि १.२ चा. पिवळा त्याहून जाड. निळ्यात १.२ घातली तर अडकते, आणि लाल लायनरमध्ये ०.८ घातली तर ती आत नागमोडी होऊन धक्के देते.

टिप तारेच्या मापाचीच हवी. १.० ची टिप ०.८ च्या तारेला "मोकळी चालते" म्हणून वापरतात. मोकळी चालते, पण तारेला करंट नीट मिळत नाही आणि आर्क लुकलुकतो. टिपेची लांबीही टॉर्चनुसार वेगळी असते, आटे जुळले म्हणजे टिप जुळली असं नाही. जुनी टिप खिशात घालूनच दुकानात जा.

मशीनसोबत वीस टिपा, दोन नोझल, दोन डिफ्यूझर आणि एक जादा लायनर घेऊन ठेवा.

सावधान : नवा लायनर टॉर्च पूर्ण सरळ करूनच कापा. गुंडाळलेल्या टॉर्चमध्ये कापला तर तो आखूड पडतो, टिपेच्या मागे फट राहते, आणि तार नेमकी तिथे वाकते. कापलेलं टोक कानशीने गोल करा.

टप्पा ७ : आता मशीन

इथवर आलात की निवड बरीचशी आपोआप झालेली असते. ग्रिल-फर्निचरला सिंगल फेज किंवा थ्री फेजचं २०० चं मशीन. शेड आणि ट्रॉलीला थ्री फेजचं २५० ते ३५० चं, सुट्या फीडरचं. उरतात चार गोष्टी.

नेमप्लेट वाचा. पुठ्ठ्यावरचा मोठा आकडा सोडा आणि मशीनच्या मागची पट्टी बघा. रॉड आणि मिग दोन्ही चालणाऱ्या मशीनवर दोन तक्ते असतात. मिगच्या ओळीत अँपिअरसोबत लिहिलेलं व्होल्टेज १४ अधिक अँपिअरचा विसावा भाग एवढं येतं. २५० ला साडेसव्वीस व्होल्ट. तिथे ३० दिसलं तर तुम्ही रॉडची ओळ वाचताय. त्याच पट्टीवर इनपुटचे दोन आकडे असतात, कमाल आणि परिणामी (चालू-बंद वेळ धरून केबलवर पडणारा). केबल ठरवताना परिणामी आकडा वायरमनला दाखवा.

फीडर बघा. ०.८ आणि ३ मीटर टॉर्च असेल तर दोन रोलरचा फीडर पुरतो. १.२ च्या तारेला, आणि सुटा फीडर असेल तर, चार रोलरचाच घ्या. भरीव लोखंडी तारेला इंग्रजी व्ही आकाराची खाच लागते, फ्लक्स भरलेल्या तारेला दातेरी. खाचेचं माप रोलरवर कोरलेलं असतं. ०.८ ची तार १.० च्या खाचेत घातली की ती घसरते, मग माणूस दाब वाढवतो, तार चपटी होते, टिपेत अडकते आणि रोलरपाशी गुंता होतो.

इन्व्हर्टर की ट्रान्सफॉर्मर? ट्रान्सफॉर्मरचं मशीन जड असतं, वीज जास्त खातं, व्होल्टेज पायऱ्यापायऱ्यांनी बदलतं, पण धूळ आणि तापमान सोसतं. इन्व्हर्टर हलकं, वीज कमी घेणारं, पातळ मालावर सरस, पण त्याचा बोर्ड धुळीला नाजूक. सोलापूरच्या पूर्व भागात लूमला लागून ज्यांची शेड आहे त्यांनी इथे थांबून विचार करावा. हवेत सुताचा तूस असतो, पंखा तो आत ओढतो, आणि हीटसिंकवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्यांवर, कापसाची गादी बसते. वर लोखंडाची भुकटी. असं मशीन मी उघडलं तेव्हा आतून कापड फाडावं तशी ती गादी निघाली होती. अशा जागी इन्व्हर्टर घ्यायचंच असेल तर बोर्डवर लॅकर, म्हणजे संरक्षक थर, केलेला आहे का विचारा, आणि दर पंधरवड्याला साफसफाई ठरवून ठेवा.

दुरुस्ती कुठे होते? विक्रेत्याला थेट विचारा: बोर्ड गेला तर तो सोलापुरात मिळतो का, दुरुस्त कोण करतं, किती दिवस लागतात, तोवर दुसरं मशीन देणार का? उत्तर बिलावर लिहून घ्या. गाळप हंगाम तोंडावर आलेला असताना ट्रॉल्या दारात उभ्या आणि मशीन पुण्याच्या वाटेवर, ही वेळ ज्याच्यावर आली तो पुढच्या खेपेला किमतीआधी हाच प्रश्न विचारतो.

टप्पा ८ : पैसे देण्याआधीची चाचणी

तुमच्याच कामाचे तुकडे सोबत न्या: १६ गेजचा पाइप, आणि ५-६ मिमीच्या दोन पट्ट्या. दुकानदाराच्या जाड, चकचकीत प्लेटवर कुठलंही मशीन चांगलंच चालतं.

१. टॉर्चचं बटण दाबा, टॉर्च एस आकारात वाकवा. तार एकाच वेगाने यायला हवी.
२. तार लाकडाच्या फळीवर तिरकी टेकवा. ती वळून बाजूला यायला हवी. रोलर घसरला तर दाब कमी, तार चपटी होऊन रोलरपाशी गोळा झाली तर दाब जास्त.
३. पाइपवर ०.८ ने ६० अँपिअरच्या आसपास दोन इंची वेल्ड मारा. भोक न पडता सरकला पाहिजे. टिपेपासून मालापर्यंत १० ते १५ मिमी अंतर ठेवा.
४. दोन पट्ट्या टीसारख्या उभ्या करून एकाच बाजूने वेल्ड करा, गार होऊ द्या, आणि हातोड्याने वेल्डच्या बाजूला मोडा. मोडलेल्या जागी मुळापर्यंत खरबरीत धातू दिसला तर ठीक. गुळगुळीत, चमकदार पट्टी दिसली तर वेल्ड नुसता वर बसलाय. मिगमध्ये ही फसवणूक रॉडपेक्षा जास्त होते, कारण वरून सगळं सुंदर दिसतं.
५. तुमच्या वहीतल्या अँपिअरवर दहा मिनिटांत तुमच्या वहीतल्या वेळेइतका आर्क चालवा. दुकानदार कंटाळेल, पण हे सोडू नका. पिवळा दिवा लागला तर मशीन तुमच्यासाठी लहान आहे.

तपासा : अर्थ क्लॅम्प आणि त्याची केबलही बघा. २०० अँपिअरला ३५ स्क्वेअर मिमीची तांब्याची केबल हवी. सोबत येणारा पातळ पत्र्याचा क्लॅम्प पहिल्याच दिवशी बदला.

टप्पा ९ : शेडमध्ये मांडणी

मशीन भिंतीपासून दीड फूट पुढे ठेवा, ग्राइंडरच्या ठिणग्यांच्या रेषेत नको. पंखा किंवा कूलर कारागिराच्या पाठीकडून नको, बाजूने आणि लांबून. मे महिन्यात अचानक वेल्डमध्ये भोकं पडायला लागली की आम्ही आधी कूलर कुठे ठेवलाय ते पाहतो. क्लॅम्पची जागा रंग खरवडून चकचकीत करा.

लूमच्या शेडमध्ये जाऊन काम करायचं असेल तर आधी तूस झाडून जागा ओली करा, बाजूला पाण्याची बादली ठेवा, आणि काम संपल्यावर अर्धा तास तिथेच थांबा. तुसातली ठिणगी लगेच पेटत नाही, धुमसत राहते. जस्ताच्या पत्र्याचा धूर अंगावर घेऊ नका, वेल्डच्या जागेवरचं जस्त आधी घासून काढा. हेल्मेटची काच १० ते १२ नंबरची हवी.

साफसफाई करताना मशीन बंद करा, प्लग काढा, दहा मिनिटं थांबा, कारण आतल्या कपॅसिटरमध्ये करंट साठलेला असतो. मग दोन बारच्या आतल्या कोरड्या हवेने फुंका. दर रिळाला टिप काढून फीडरच्या बाजूने लायनर फुंका. अर्धवट रीळ रात्री उघडं ठेवू नका, प्लास्टिकची पिशवी चढवा. आणि पहिल्या महिन्यात प्रत्येक जाडीला जमलेला व्होल्ट, तारेचा वेग आणि गॅस मशीनच्या झाकणावर खडूने नव्हे, पेंट मार्करने लिहून ठेवा. दुसऱ्या पाळीचा कारागीर तिथूनच सुरुवात करेल.